आईला सीजेडी झालाय, घरी सांभाळायला मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सांगलीचे. आईला (वय ६४) सीजेडी म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब डिसीज, मेंदू झपाट्याने निकामी करणारा आजार, असल्याचं न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलंय. आधी चालताना तोल जायचा, मग नावं विसरायला लागली, आम्हाला वाटलं बी-१२ कमी असेल, पण बघता बघता माणसं ओळखेनाशी झाली. एमआरआय, ईईजी, पाठीतलं पाणी सगळं तपासून झालंय, मेंदूला सूज आणणारे बरे होण्यासारखे आजारही नाहीत ना हे बघून झालंय, त्यामुळे प्लीज दुसरा डॉक्टर किंवा काढे सुचवू नका. यावर औषध नाही आणि वेळ थोडा आहे हे आम्हाला कळलंय.

वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा आजार, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला. पेशंट सांभाळणाऱ्या ब्युरोच्या मावशी आईचं फार प्रेमाने करायच्या, पण कोणीतरी त्यांना सांगितलं की हा मॅड काऊ म्हणजे गायींचा मेंदूचा रोग आहे, लागतो. त्या यायच्या बंद झाल्या आणि दुसरं कोणी यायला तयार नाही. मॅड काऊवाला प्रकार वेगळा हो, तो माणसांत १९९६ ला ब्रिटनमध्ये सापडला, आईचा आपोआप होणारा आहे आणि शंभरातल्या ८५ केसेस अशाच असतात, पण हे कोणाकोणाला समजावणार? शेजारच्या काकू परवा बाबांना विचारत होत्या की ताटवाटी वेगळी ठेवता ना. बाबा काही बोललेच नाहीत, नुसते आत निघून गेले.

नवीन मावशींना कसं पटवायचं? शिवाय आई जराशा आवाजाने दचकते आणि अंगाला झटके येतात, गोळ्या चालू आहेत, अजून काय करता येईल? जेवताना ठसका लागतो, बहीण म्हणते नाकातून नळी घालू, बाबांची तयारी नाही. सांगली-मिरजेत घरी येऊन बघणारे पॅलिएटिव्ह केअरचे (बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणारे) डॉक्टर कोणाला माहीत आहेत का?

---

ताई, माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता म्हणून लिहितेय. डॉक्टरांकडून लेटरहेडवर मराठीत लिहून घ्या की शिवल्याने, थुंकीने, एका ताटात जेवल्याने, डायपर बदलल्याने हा पसरत नाही. ते ब्युरोला द्या आणि जमलं तर डॉक्टरांनाच मावशींशी फोनवर बोलायला लावा, आमच्याकडे त्यानेच काम झालं. ग्लोव्हज जखम किंवा रक्त असेल तेव्हा. मात्र दाताचं काम किंवा ऑपरेशन निघालं तर आधीच सांगायचं, कारण यातलं प्रायॉन नावाचं प्रोटीन नेहमीच्या स्टरलायझेशनने नष्ट होत नाही.

दचकण्यासाठी बेल काढून टाका, मिक्सर-कुकर आईच्या खोलीपासून लांब. हात लावायच्या आधी समोरून जाऊन हळू बोला, "आई, कूस बदलतेय हं", कळो न कळो. एअर मॅट्रेस आत्ताच आणा, बेडसोर व्हायची वाट बघू नका.

नळीचं ज्याने त्याने ठरवायचं. पण नळी घातली की छातीत इन्फेक्शन होणारच नाही असं नसतं, हे बहिणीला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. आम्ही नाही घातली, बसवून चमच्याने घट्टसर पेज द्यायचो, जाईल तेवढी. बंगळूरच्या निम्हान्समध्ये (मेंदू आणि मनाच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल) सीजेडीची रजिस्ट्री, म्हणजे पेशंटची नोंदणी आहे, तुमच्या डॉक्टरांना तिथे बोलायला सांगा.

---

खूप आभार. पत्राचं उद्याच बघते. मिरजेकडचं कोणी असेल तर प्लीज लिहा, रात्रपाळीसाठी माणूस लगेच हवाय, बाबा एकटेच जागतात.