पदविकेनंतर नोकरी सोडून थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घ्यावा का?

चाकण_क्वालिटी

नमस्कार. यंत्र अभियांत्रिकीची पदविका ७४ टक्के गुणांनी पूर्ण करून मी दोन वर्षांपासून चाकणमधील एका सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करीत आहे. ग्राहकाची तक्रार आली की नाकारलेला माल मोजून, मूळ कारण शोधून ८डी अहवाल (तक्रार सोडवण्याच्या आठ टप्प्यांचा अहवाल) मी तयार करतो. सही मात्र पदवीधर अभियंत्याची होते आणि ग्राहकासमोर बैठकीलाही तेच बसतात. वडील शेती करतात, धाकटी बहीण बारावीत आहे आणि घरी दरमहा पैसे पाठवावे लागतात. नोकरी सोडून अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घ्यावा, की नोकरी सांभाळून पदवी मिळवता येईल? एक संस्था दूरशिक्षणाने बी.टेक. देत असल्याचे सांगते.

यंत्रशाळा

दूरशिक्षणाचा विचार प्रथम मनातून काढून टाका. पत्रव्यवहाराने मिळवलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये मान्यता नाकारली आहे. पूर्वी पदविकाधारकांना एएमआयईचा, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षांचा, आधार असे. परंतु ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच त्याची पदवीशी समकक्षता मिळते.

नोकरदारांसाठी आता अधिकृत मार्ग आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून निवडक महाविद्यालयांना सोयीच्या वेळेत वर्ग चालवण्यास मुभा दिली असून, त्यासाठी किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो आणि नोकरीचे ठिकाण किंवा घर महाविद्यालयापासून ठरावीक अंतराच्या आत असावे लागते. अडचण येते ती पाळ्यांची. दर आठवड्याला पाळी बदलत असेल, तर सायंकाळच्या वर्गांची उपस्थिती कशी भरणार? सामान्य पाळी (दिवसाची ठरलेली वेळ) मिळेल का, हे व्यवस्थापनाकडून लेखी घेतल्याशिवाय शुल्क भरू नका.

जुना_अधिव्याख्याता

नियमित प्रवेशाचे ठरल्यास ‘कॅप’ फेरीतूनच, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, जा. थेट द्वितीय वर्षासाठी सीईटी नसते, पदविकेच्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. व्यवस्थापन कोट्यातून जागा सहज मिळते, पण शुल्कसवलत जाते, हे प्रवेशाच्या धांदलीत पालकांच्या ध्यानात येत नाही. खुल्या प्रवर्गातील आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्काची निम्मी रक्कम मिळते. इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत. आपल्या भगिनीसाठीही सांगून ठेवतो: आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, कारण ऐनवेळी तहसील कार्यालयात रांगा लागतात.

अभ्यासाबाबत स्पष्ट बोलतो. कार्यशाळा, रेखाचित्र, मोजमाप यांत पदविकेची मुले बारावीवाल्यांच्या पुढे असतात, पण तिसऱ्या सत्रातील गणित त्यांना गाठते. लाप्लास रूपांतर सुरू होते तेव्हा पहिल्या वर्षाचे कलन त्यांनी त्या खोलीने केलेलेच नसते. प्रवेशापूर्वीचे दोन महिने केवळ संकलन (इंटिग्रेशन) आणि विकलक समीकरणांना (डिफरन्शियल इक्वेशन्स) द्यावेत.

मनुष्यबळ_खाते

वरील दोघांनी ‘कसे’ सांगितले. ‘का’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अनेक कारखान्यांत पदविका प्रशिक्षणार्थी आणि पदवीधर प्रशिक्षणार्थी यांच्या श्रेणी निरनिराळ्या असतात, आणि नोकरीत असताना पदवी मिळवली म्हणून श्रेणी आपोआप बदलतेच असे नाही. आपल्याकडे अशा पदोन्नतीचे लेखी धोरण आहे का, आणि गेल्या काही वर्षांत तसे कोणाचे झाले आहे का, हे विचारा. तसे उदाहरण नसेल, तर पदवीचा उपयोग मुख्यतः दुसरीकडे जाण्यासाठी होईल, आणि मग तीन वर्षांचे बुडालेले वेतनही शुल्कात मिळवूनच हिशेब मांडावा लागेल. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात, व्याज मात्र त्या काळातही चढत राहते. रेल्वे आणि कर्मचारी निवड आयोगाची कनिष्ठ अभियंता पदे पदविकेवरही खुली आहेत, हेही विसरू नये.

चाकण_क्वालिटी

सर्वांचे आभार. चौकशी केली; पदोन्नतीचे लेखी धोरण नाही, परंतु विभागप्रमुख वर्षभर सामान्य पाळी देण्यास तयार आहेत. तीन वर्षांची हमी मात्र ते देत नाहीत. पहिल्या वर्षानंतर पाळी बदलली, तर त्याच महाविद्यालयातील नियमित वर्गात बदली घेता येते का?

यंत्रशाळा

नोकरदारांच्या वर्गांची मान्यता स्वतंत्र असते, त्यामुळे बदली गृहीत धरू नका. महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागाकडून लेखी उत्तर घ्या, आणि ते येईपर्यंत ‘कॅप’ची नोंदणीही करून ठेवा.