मदत हवी आहे: मुलगी गणितात पुढे आहे, अबॅकस लावू की नको? (गोवा)

सत्तरीची_आई
नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारते, कारण रविवारपर्यंत पैसे भरायचे आहेत. मुलीला गणिताचं वेड आहे. वर्गात जे शिकवतात ते तिला आधीच येतं, मग ती खिडकीबाहेर बघत बसते, नाहीतर शेजारणीची गणितं सोडवून देते. पेपरात मात्र गुण जातात. हातचा लिहीत नाही, नुसतं उत्तर लिहून मोकळी. बाई म्हणतात, हुशार आहे पण शिस्त नाही. इथे सत्तरी तालुक्यात एक अबॅकसचा क्लास निघालाय, आठ लेव्हल, सगळे पैसे आत्ता भरले तर सवलत. लावू की नको? हो किंवा नाही एवढंच सांगा. शनिवारी बाईंना भेटायचं आहे, त्यांना काय सांगू तेही सांगा. "मुलांना मूल राहू द्या" हे घरात सासूबाई रोज सांगतात, ते कृपया नको.

ठाणेकर_८१
वय? यत्ता? माध्यम? बोर्ड? अहो, पत्रिका बघायलासुद्धा यापेक्षा जास्त माहिती लागते.

मोगरा
नक्की लावा! माझ्या भाच्याने अबॅकस केलं, आता डोळे मिटून हवेत बोटं फिरवतो आणि उत्तर सांगतो. पाहुण्यांसमोर करून दाखवतो, सगळे थक्क होतात.

शेष_नाग
भाचा आता कितवीत आहे? आणि पाहुणे गेल्यावर काय करतो?

मोगरा
आठवीत. गणिताची ट्यूशन लावली आहे. त्याचा इथे काय संबंध?

फोंड्याचो_पुतो
अबॅकस चिनी-जपानी लोकांचं. आपल्याकडे वैदिक गणित असताना परक्यांचं कशाला? ९८ गुणिले ९७ दोन सेकंदात होतं. शंभराला दोन कमी आणि तीन कमी, म्हणून ९५, पुढे दोन त्रिक सहा, ९५०६. वेदांतलं ज्ञान आहे.

शेष_नाग
उत्तर बरोबर आहे, पण वेदांतलं नाही. ते पुस्तक भारती कृष्ण तीर्थांचं, त्यांच्या पश्चात १९६५ साली छापलेलं. त्यातली सूत्रं अथर्ववेदाच्या उपलब्ध पाठात कुणालाही सापडलेली नाहीत. युक्ती चांगली आहे, जरूर शिकवा, पण ती का चालते तेही मुलीला शोधू द्या. फक्त युक्ती शिकवली तर ती हातची जादू होते.

फोंड्याचो_पुतो
आपल्या लोकांचं काही चांगलं म्हटलं की काहींच्या पोटात दुखतं.

ठाणेकर_८१
मूळ प्रश्नाकडे या. ताई, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवा. आमच्या दोघांनाही मिळाली होती. पुस्तकं बाजारात मिळतात, सराव भरपूर होतो.

मांडवीकाठी
ठाणेकर, ती परीक्षा महाराष्ट्राची. गोवा वेगळं राज्य आहे हो. १९६७ च्या जनमत कौलात ते ठरलं, घटक राज्याचा दर्जा १९८७ ला मिळाला. बातमी ठाण्याला अजून पोचलेली दिसत नाही :)

ठाणेकर_८१
बरं बरं. पण पुस्तकं तर वाचता येतात ना? मराठीतच आहेत.

सत्तरीची_आई
अहो, प्रश्न सोपा होता! वय साडेसात, दुसरी, सरकारी मराठी शाळा. वाळपईच्या पलीकडे राहतो. आता तरी सांगा.

रेशमा_म्हापसा
सरकारी मराठी? तिथेच तर गोची आहे ताई. इंग्रजी शाळेत घाला आत्ताच. पुढे सगळं गणित इंग्रजीत येणार.

मांडवीकाठी
दुसरीतल्या मुलीने आईच्या भाषेत विचार केला तर बिघडतं काय? पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणणारे आमचे आजोबा बाजारात साडेतीनाचा हिशेब तोंडी करायचे. त्यांना कुणी इंग्रजी शिकवलं नव्हतं.

रेशमा_म्हापसा
औटकीने आयआयटी मिळत नाही. आणि माध्यमाचा गळा काढणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात तेही लिहा एकदा.

संपादक
माध्यमाचा वाद गोव्यात कधी संपलाय की इथे संपेल. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथले पुढचे आठ प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

लेकुरवाळा
तबला लावा. गंमत करत नाही. गोव्यात गावोगाव भजनं आहेत, पेटी-तबल्याचे मास्तर सहज मिळतात. तीनतालाच्या सोळा मात्रा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एक-एक मात्रा मोकळी, ही तिहाई. पाच, एक, पाच, एक, पाच म्हणजे सतरा. समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून उचललात तर सतरावी मात्रा पुढच्या समेवर येऊन पडते. माझा मुलगा आता सात मात्रांच्या रूपकात तिहाई कुठून उचलायची ते बोटांवर मोजत असतो. गणिताच्या वहीला हात लावत नाही, ते सोडा.

डिचोलीकर_मास्तर
सत्तरीच्या ताई, मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. सगळ्यांनी उत्तरं दिली, पण कुणी विचारलं नाही की मुलगी रिकाम्या वेळी आकड्यांचं करते काय? कुणी न सांगता? ते लिहा. आणि ती बेरीज कशी करते तेही.

सत्तरीची_आई
मास्तर, त्यात विशेष काही नाही म्हणून लिहिलं नव्हतं. ४८ मध्ये ३७ मिळवायचे तर ३७ मधले दोन काढून ४८ ला देते, मग ५० आणि ३५. हातचा येतच नाही, मग लिहू काय, म्हणते. रिकाम्या वेळी... आत्ता काजूच्या बिया वाळत घातल्यात अंगणात. ती बिया मोजून घेते आणि सारख्या ओळी लावते. बाराच्या तीन ओळी चार-चारच्या, नाहीतर दोन ओळी सहा-सहाच्या. काही आकड्यांच्या एका लांब ओळीशिवाय ओळीच होत नाहीत. त्यांना ती "हट्टी" म्हणते. ७ हट्टी, ११ हट्टी, १७ हट्टी. परवा ९१ हट्टी आहे म्हणून बसली आणि मग रात्री जेवताना ओरडली, हट्टी नाही, तेराच्या सात ओळी होतात! भात थंड झाला. आजोबा चिडले, बिया सगळ्या पसरल्या म्हणून.

शेष_नाग
साडेसात वर्षांची? ९१?? मोठी माणसं फसतात हो त्यात.

डिचोलीकर_मास्तर
हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं, ताई! पोरगी मूळ संख्या शोधते आहे. पाचवी-सहावीत त्या "शिकवतात", तेव्हा मुलं यादी पाठ करतात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आठ लेव्हलचे पैसे आगाऊ भरू नका. अबॅकस वाईट नाही, तोंडी बेरीज पटपट होते, पण ती तिची आत्ताच होते. तिला वेग नकोय, खाद्य हवंय. अजून बिया द्या. एक बी ठेवायची, तिच्या दोन बाजूंनी कोपऱ्यासारख्या तीन लावायच्या, मग पाच, मग सात. दर वेळी चौरस होतो: १, ४, ९, १६. का होतो ते तिला सांगू नका. आठवडाभर लागला तर लागू द्या.

बाईंशी भांडू नका. बाईंसमोर तिला ४८ आणि ३७ ची रीत बोलून दाखवू द्या, बाईंना पटेल. पण हातचाही शिकायला हवा, मोठ्या संख्यांची उभी बेरीज आली की तो लागतोच. तिला सांगा, उत्तर स्वतःसाठी असतं, पायऱ्या दुसऱ्याला पटवायला लिहायच्या असतात. आणि शेजारणीला उत्तर द्यायचं नाही, रीत सांगायची. वर्गात तिला कामही मिळेल.

मांडवीकाठी
कापरेकरांचा खेळ पण द्या. देवळालीच्या शाळेत शिक्षक होते ते. गाडीचा चार आकडी नंबर घ्या, सगळे आकडे सारखे नकोत. दर वेळी तेच आकडे उलटसुलट लावून सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा नंबर करायचा, मोठ्यातून छोटा वजा करत जायचं. ४५१८ घ्या: ८५४१ वजा १४५८, ७०८३. पुढे ८३५२, मग ६१७४, आणि तिथेच अडकतं. जास्तीत जास्त सात वजाबाक्या.

शेष_नाग
दुसरीला चार आकडी वजाबाकी जड जाईल. तीन आकड्यांनी करा, ३७१: ७३१ वजा १३७, ५९४. मग ९५४ वजा ४५९, ४९५. तिथेच थांबतं. हातच्याचा सरावही फुकटात.

रेशमा_म्हापसा
ऑलिंपियाडला आत्तापासून बसवा. आमच्या शाळेत पहिलीपासून फॉर्म देतात, मेडल पण मिळतं.

शेष_नाग
ती खासगी मेडलं. जी आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाते ती वाट होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची, तिची पहिली परीक्षा आठवीपासून पुढे. पाच-सहा वर्षं शांत बसा.

फोंड्याचो_पुतो
दामोदर कोसंबी गोव्यात जन्मले, १९०७ ला. त्यांनी कुठलं अबॅकस केलं होतं?

ठाणेकर_८१
ते तर इतिहासकार ना?

फोंड्याचो_पुतो
टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. जनुकांची अंतरं मोजायचं त्यांचं १९४४ चं सूत्र अजून वापरतात. ठाण्याला ही बातमीही पोचलेली नाही.

मांडवीकाठी
ताई, मिरामारच्या विज्ञान केंद्रात घेऊन जा तिला.

सत्तरीची_आई
इथून पणजी म्हणजे बस बदलत अख्खा दिवस जातो. सुटीत बघू. बाईंना भेटून आले. रीत ऐकून हसल्या, म्हणाल्या अशीच लिहू दे, मी गुण देईन, पण महिन्यातून एक पान हातच्याचं. क्लासवाल्यांना नको म्हणून कळवलं. ते रोज फोन करतात.

आता नवीन भानगड. विचारते, १ हट्टी आहे का? एकच ओळ होते म्हणून मी हो म्हटलं, तर म्हणते, तो ओळच नाही, एकटा आहे. काय सांगू?

शेष_नाग
तिचं बरोबर. आज १ ला मूळ संख्या मानत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत काही जण मानायचे. १ ला घेतलं तर १२ चे दोन, दोन, तीन हे एकच तुकडे राहत नाहीत, मागे कितीही १ चिकटवता येतात. तिला १२ बियांवर करून बघू दे.

मोगरा
पण डोळे मिटून करता येतं का तिला?