सावलीतल्या जागेत सोनटक्का लावू की लिंबू?

परसदार: घर चिपळूणजवळ आहे, मागे विहिरीपाशी साधारण दहा बाय पंधरा फूट जागा रिकामी आहे पण शेजाऱ्यांच्या फणसामुळे सकाळी दोनेक तास ऊन लागतं, बाकी दिवसभर सावलीच. आई म्हणते सोनटक्का लाव, बाबांना लिंबू हवंय, म्हणे फुलं काय खायचीत का. एका कडेला पावसात पाणी पण साचतं. काय करू?

मातीवाला: लिंबू विसरा हो. त्याला दिवसाचे निदान सहा तास कडक ऊन पाहिजे, सावलीत नुसती पानं येतील. त्यात पाणी साचतंय म्हणजे डिंक्याला (खोडातून डिंक गळतो तो रोग) आमंत्रण आणि आपल्याकडच्या पावसात खैऱ्या (पानाफळांवर खरबरीत डाग) होतो तो वेगळाच.

अनघा_रत्नागिरी: आईंचं ऐका 😄 सोनटक्क्याला ओल लागतेच, विहिरीची कड त्याला उत्तम. मे संपता संपता कंद लावा, फार खोल नको, वरून शेणखत. श्रावणभाद्रपदात फुलायला लागतो, संध्याकाळी कळ्या उमलल्या की वास पार ओटीपर्यंत येतो. एका दांड्याची फुलं संपली की तो परत फुलत नाही, बुडातून छाटून टाका, बाजूने नवे कोंब येतातच. फक्त पसरतो फार, दर दोनतीन वर्षांनी कंद काढून वाटून टाका.

आगरवाला: बाबांना फळच हवं असेल तर रातांबा, म्हणजे कोकम लावा ना! नारळ-सुपारीच्या सावलीत वाढणारं झाड आहे ते, ऊन जास्त तर फळ जास्त हे खरं पण सावलीत लिंबासारखं रुसून बसत नाही. पण बीचं रोप अजिबात आणू नका, नर-मादी झाडं वेगळी असतात आणि नर निघालं हे कळेपर्यंत सहासात वर्षं जातात. कलमच घ्या, दापोली विद्यापीठाची कोकण अमृता जात बघा, पावसाआधी फळं हाताशी येतात. आणि घेताना सरळ वाढणाऱ्या शेंड्याच्या काडीचं कलम आहे का विचारा, आडव्या फांदीचं असेल तर झाड जमिनीलगत पसरत बसतं, तुमच्याकडे तेवढी जागा नाही.

परसदार: आमसुलं घरची म्हटल्यावर बाबा लगेच तयार 😂 पण मग दोन्ही मावतील का?

आगरवाला: मावतील की. रातांबा उंचवट्यावर, जिथे सकाळचं ऊन पडतं तिथे. पाणी साचतं ती कड सोनटक्क्याला.