प्रतिसाद: संयम आणि उपवासकाळ

वर एका ताईंनी लिहिलंय की संयम जमत नाही म्हणजे आपली श्रद्धाच कमी. मला हे पटत नाही, आणि अशा विचाराने माणूस खचतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) संयमाला पवित्र आत्म्याच्या फळांत, म्हणजे तो आपल्यात घडवतो त्या गुणांत, धरलंय. फळ धरायला वेळ लागतो, नुसता दात-ओठ खाऊन ते येत नाही. म्हणून प्रार्थना आधी, निग्रह मागाहून.

पण आपल्याकडून काहीच करायचं नाही असंही नाही. आमच्या वसईकडे राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, कित्येक ख्रिस्ती घरांत मासळी-मटण बंद होतं. चांगलंच आहे. मात्र सुकट-बोंबील सोडून त्याच टेबलावर जावेची उणीदुणी काढली, तर त्या उपवासाचं काय? बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय वाचा: भांडणतंटा करत केलेला उपवास देवाला नको, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, असं तिथे स्पष्ट आहे. मासळीचे वाचलेले पैसे डब्यात टाकून गरजूला देणारी घरं मला म्हणून फार मोलाची वाटतात.

मला स्वतःला सर्वांत अवघड जातं ते जिभेचं, आणि आता बोटांचंही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टोचणारा मेसेज आला की उत्तर टाइप करण्याआधी मी फोन पालथा ठेवते आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही येशूने शिकवलेली प्रार्थना पूर्ण म्हणते. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथवर येईपर्यंत लिहायचं ते बहुतेक वेळा बदललेलं असतं. ताई, तुम्ही आजपासून एवढंच करून बघा.