नर्सिंग, आशा, एमएसडब्ल्यू: आपल्याकडच्या नोकऱ्यांचे अनुभव लिहा

गोदाकाठ_सिस्टर
काल भाचीचा बारावीचा निकाल लागला. म्हणाली, "मावशी, जीएनएम, नर्सिंगचा डिप्लोमा, करू का? नोकरी लागंल का?" मला एकदम माझा निळा व्हॅक्सिन कॅरिअर, लसींचा डबा, आठवला. आत चार आइसपॅक, पट्टा खांद्यात रुतलेला, चिखलात चपला हातात घेऊन तांड्यावर जायचं, पण डबा कधी जमिनीला टेकू दिला नाही. 2008 पासून कंत्राटी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, आहे. ऑर्डर 11 महिन्यांची, मग खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर. एकदा खंडाच्याच दिवशी बाळंतीण दारात आली. तिला काय, ऑर्डर दाखवू? काम कधी कमी पडलं नाही, नोकरीचाच भरवसा नाही. पोरीला काय सांगू? लिहा तुमचं.

लातूरचा_ब्रदर
जीएनएमची 3 वर्षं केली. घरचे म्हणायचे, हे बायकांचं काम. आता पुण्यात आयसीयूत आहे. पगार गावाकडच्या खासगी दवाखान्याच्या जवळपास दुप्पट, पण खोलीभाडं आणि मेस त्यातूनच. मागच्या महिन्यात आईला चक्कर आली, तिला दवाखान्यात शेजाऱ्यांनी नेलं. मी नाईटला होतो, दुसऱ्याच्या आईजवळ.

बालाघाट_आशा
कुकर लावलाय, घाईत लिहिते. आम्हाला पगार नाही, मोबदला, कामाप्रमाणं. दसऱ्यानंतर वाडीतले लोक कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर निघतात. ट्रॅक्टर लागायच्या आधी मी घरोघर लसीचं कार्ड बघत फिरते. एका बाईचं लेकरू 9 महिन्यांचं, गोवरचा डोस राहिलेला, सामान चढलेलं. ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं, सिस्टरला बोलावलं, डोस दिला. त्याचे पैसे किती अन् कधी आले, आठवत बी नाही. लेकराचं रडणं आठवतंय.

माहेरवाशीण
बालाघाट_आशा, कोणती वाडी गं? माझं माहेर पाटोद्याकडचं.

परभणीकर
भाचीला आधी एक बघायला सांगा: कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि राज्य कौन्सिलची मान्यता हाय का. आमच्या ओळखीतल्या पोरीनं फी भरली, नोंदणीच्या वेळी अडकली. दोन वर्षं गेली बिचारीची. आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली सगळीकडं सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, जागा निघतीलच. भरतीवर लक्ष ठेवा.

समुपदेशक
एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून एचआयव्ही तपासणी केंद्रात 12 वर्षं. कंत्राटीच. रिपोर्ट सांगायच्या आधी मी पाण्याचा ग्लास समोर ठेवतो, दार लोटून घेतो. हे कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. बायको म्हणते, बँकेची परीक्षा दे. दिली नाही.

तुळजापूरची
माझी चुलती अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेची भारतवैद्य, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. शाळा फार नाही झालेली, पण गावात ताप, जुलाब आधी तिच्याकडंच. आम्हा पोरींना या कामाची ओढ तिच्यामुळंच लागली.

गोदाकाठ_सिस्टर
समुपदेशक दादा, वाचून गलबललं. 2023 ची दिवाळी आम्ही कंत्राटी लोकांनी संपावर काढली. 10 वर्षांवरच्यांना कायम सेवेत सामावून घ्यायचा निर्णय 2024 मध्ये निघाला, त्याकडं डोळे लावून आहे. भाचीला म्हटलं, फॉर्म भर, पण आधी पुढच्या लसीकरण सत्राला माझ्यासोबत ये. परभणीकर, मान्यतेचं आजच बघते.

बालाघाट_आशा
माहेरवाशीण ताई, गावाचं नाव इथं नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. तुमच्याकडं पाऊस झाला का?