मदत हवी आहे : मे महिन्यात समुद्रकिनारी स्वस्तात कुठे राहावे?

काळीमाती
जरा लवकर सांगा. मे महिन्यात घरच्यांना समुद्रावर न्यायचे आहे, चार दिवस. नेटवर पाहिले तर एका खोलीचे एका रात्रीचे पाच-सहा हजार सांगतात. एवढे जमणार नाही. स्वस्त आणि चांगले रिसॉर्ट कोणते, फक्त नाव द्या. आठ दिवसांपासून शोधतो आहे, डोके फिरायची वेळ आली.

वर्धेकाठ
निघणार कुठून? माणसे किती? लहान मुले, म्हातारी माणसे आहेत का? एवढे कळल्याशिवाय कोण काय नाव देणार?

चांदागड
विशाखापट्टणम. डोळे मिटून जा. बल्लारशाहून विजयवाड्यामार्गे थेट गाडी आहे. ऋषिकोंड्याचा किनारा, कुरसुरा पाणबुडीचे संग्रहालय, पुढे अराकू. आम्ही दोनदा गेलो, कोकणापेक्षा स्वस्त पडले.

काळीमाती
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ. बल्लारशा आम्हाला उलटीकडे पडते. सात जण. आई-बाबा, आम्ही दोघे, बहीण आणि दोन मुले. एकूण बजेट तीस हजार.

स्टेअरिंग
गाडी काढा. कारंज्याला समृद्धीवर चढायचे, थेट भिवंडीजवळचे आमणे. जून २०२५ पासून इगतपुरीच्या पुढचा टप्पाही सुरू आहे. पहाटे निघालात तर संध्याकाळी अलिबाग-नागाव.

वर्धेकाठ
सात जण एका गाडीत, मे महिना, ड्रायव्हर एकटा. सिमेंटच्या रस्त्यावर दुपारी टायर किती तापतात ते पाहिले आहे का तुम्ही? शिवाय डिझेल आणि टोल. दोन्ही बाजूंचा हिशोब करून पाहा, बजेटचा मोठा वाटा रस्त्यातच जाईल.

स्टेअरिंग
टायर चांगले असले, हवा बरोबर असली आणि ताशी शंभरच्या आत चालवली तर काही होत नाही. मी वर्षातून तीनदा जातो.

पांदण
भाऊ, समुद्र कायले पाह्यजे? मे महिन्यात तिथं घामानं जीव जाते. चिखलदऱ्याले जा. जवळ हाय, थंड हाय, लेकरंही खुश होतात.

काळीमाती
चिखलदरा झाला आहे दादा, तीनदा. मी पहिल्यांदा लिहायला हवे होते. बाबा ७६ वर्षांचे आहेत, त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. आयुष्य शेतात गेले. यंदा तूर विकल्यावर स्वतःहून म्हणाले, "एकदा समुद्र दाखव." आजवर त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. घरात सगळे शाकाहारी.

पांदण
असं होय. मंग न्याच त्याईले.

भाविक
पुरीला न्या. अहमदाबाद-पुरी गाडी बडनेऱ्याहून मिळते. जगन्नाथाचे दर्शन, आनंदबाजारात महाप्रसाद, कोणार्क, आणि समुद्रातून सूर्य उगवताना दिसतो. धर्मशाळा स्वस्त आहेत.

वर्धेकाठ
पुरीची लाट अंगावर येते, नोलियांचा, म्हणजे तिथल्या जीवरक्षक कोळ्यांचा, हात धरून पाण्यात उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमेल का? आणि मे महिना तिकडे वादळाचा. फनी ३ मे २०१९ ला पुरीजवळच धडकले होते.

सासर_कोकण
माझे माहेर अकोल्याचे, सासर गुहागर तालुक्यात. तुमच्या बाबांसाठी मी गुहागर सुचवीन. किनारा लांब, सपाट, आणि गावाला लागूनच. सुरूच्या झाडांखाली खुर्ची टाकून म्हातारे माणूस दिवसभर बसू शकते. व्याडेश्वराचे मंदिर गावातच आहे. रिसॉर्ट शोधू नका. घरगुती सोय विचारा, दोन हजारांच्या आसपास खोली मिळते आणि घरचे शाकाहारी जेवण. मात्र भात दोन्ही वेळा असतो. भाकरी लागत असेल तर आधी सांगून ठेवा, माझ्या वडिलांचे पहिल्या दिवशी पोटच भरले नव्हते.

नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते, बडनेऱ्याला चढा, चिपळूणला उतरा. विशेष गाडी आहे, तेव्हा मे महिन्यात चालू आहे ना ते आधी तपासा. तिकिटे साठ दिवस आधी उघडतात आणि मे महिन्याची पटकन संपतात. चिपळूणहून एसटी.

कंडक्टर_निवृत्त
एसटीत बाबांना ७५ च्या वर तिकीटच नाही, आधार कार्ड सोबत ठेवा. बायकांना अर्धे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंद आहे.

हिशेबी
जूनमध्ये जा. भाव उतरतात आणि आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात.

काळीमाती
जूनमध्ये नाही जमत. मृगाआधी बियाणे, खत घरात यायला हवे.

सासर_कोकण
जूनमध्ये येऊच नका. २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, समुद्र खवळलेला असतो. पंधरा मेच्या आगेमागे या.

एक कळकळीचे सांगते. आपल्याकडची पोरे विहिरीत, धरणात पोहतात आणि त्या भरवशावर समुद्रात शिरतात. विहिरीचे पाणी जागेवर असते. इथे ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते, पायाखालची वाळू सरकते. गणपतीपुळ्याला असेच कितीतरी गेले. भरती चढत असताना, गुडघाभर पाण्यात, बस. मुलांचा हात सोडू नका.

सावध
खोलीचे पूर्ण पैसे आधी पाठवू नका. नकाशावर दिसलेल्या नंबरवर मी बारा हजार पाठवले होते. तिथे पोहोचलो तर त्या नावाचे घरच नव्हते. थोडा विसार द्या, आणि त्याआधी व्हिडिओ कॉलवर घर पाहा.

मालवण_प्रेमी
तारकर्लीचे कोणी नावच घेत नाही! पाणी काचेसारखे, शिवाय सिंधुदुर्ग किल्ला.

वर्धेकाठ
किल्ल्यासाठी होडीत चढ-उतार आहे. बाबांचे गुडघे, वर वाचा.

काळीमाती
मंडळी, गुहागर ठरवले. बडनेरा-चिपळूण जाण्याची सात तिकिटे मिळाली, पक्की. परतीची चार पक्की, तीन वेटिंगवर आहेत. @सासर_कोकण, व्यक्तिगत निरोप केला आहे, घरगुती सोयीचा पत्ता द्या. आणि भरती कधी असते ते कसे कळते? बाबा रोज विचारतात.

सासर_कोकण
पत्ता पाठवला. भरतीचे सोपे आहे, बाबांना पंचांग कळत असेलच. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. थोडेफार इकडेतिकडे.

काळीमाती
बाबांनी लगेच कॅलेंडर काढले. आम्ही पोहोचतो त्याच्या दुसऱ्या दिवशी नवमी आहे. म्हणाले, पावणेसात.

सासर_कोकण
अगदी बरोबर. पाचला घेऊन या त्यांना, पाणी चढत असेल. खुर्ची मी आणते.