बॉडीगार्डचा शेवट: नादियाचं ते वळण तुम्हाला पटलं का? (सगळे स्पॉयलर आहेत, बघितली नसेल तर पुढे वाचू नका)

रातराणी_नाशिक

काल रात्री नेटफ्लिक्सवर बॉडीगार्ड संपवली, सहाच्या सहा भाग दोन दिवसांत, आणि त्यानंतर झोपच लागली नाही म्हणून इथे लिहितेय. सिरीज २०१८ ची आहे म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केव्हाच बघितली असणार, पण मला बोलायला घरात कोणी नाही.

सुरुवातीचा ट्रेनचा सीन आठवतो ना? लंडनच्या युस्टन स्टेशनकडे येणारी गाडी, संडासाचं दार उघडतं आणि आत अंगाला बॉम्ब बांधलेली, थरथर कापणारी नादिया. आपला नायक, पोलिसातला बॉडीगार्ड डेव्हिड बड, त्याची स्वतःची दोन पोरं त्याच गाडीत झोपलेली आहेत, आणि हा माणूस हळू आवाजात तिच्याशी बोलत राहतो, मला पण मुलं आहेत म्हणतो, एला आणि चार्ली, आणि शेवटी पोलिसांनी तिला गोळी घालू नये म्हणून स्वतःच तिला कवेत घेऊन उभा राहतो. मी तेव्हा रडले, खरंच सांगते. पुढचे भाग मला, बड जिचा बॉडीगार्ड होतो त्या गृहमंत्री ज्युलिया माँटॅग्यूपेक्षा या पोरीचीच जास्त काळजी होती, की नवऱ्याने हिला फसवलं, आता हिचं काय होणार.

आणि शेवटच्या भागात चौकशीच्या खोलीत ती मान वर करते आणि सांगते की बॉम्ब मीच बनवले, मी इंजिनिअर आहे, तुम्हाला सगळ्यांना मी बिचारी दबलेली मुसलमान बाई वाटले. तिचा चेहरा, बसण्याची पद्धत, आवाज, सगळं एका मिनिटात बदलतं. मला अक्षरशः कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

प्रश्न असा आहे की हे वळण लेखकाने कमावलंय, की शेवटी धक्का द्यायचा म्हणून दिलाय? मला अजून ठरवता येत नाहीये.

पानगळ७७

कमावलंय. शंभर टक्के. तुम्ही ट्रेनचा सीन परत लावा आणि फक्त एवढंच बघा की कोण किती बोलतंय. नादिया स्वतःबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही! तुझं ब्रेनवॉश केलंय हे बडच तिला सांगतो, मी अफगाणिस्तानात होतो मला माहितीये हेही तोच सांगतो, म्हणजे तिची सगळी कहाणी त्याने रचली आणि तिने फक्त ती नाकारली नाही. आणि आपण सोफ्यावर बसून माना डोलावल्या. नंतर तो एमआय५ चा, म्हणजे ब्रिटनच्या गुप्तचर खात्याचा, लाँगक्रॉस, त्याचा चेहरा तिने ओळखला ते पण खोटंच निघालं ना, तिने पोलिसांना पाहिजे ते दिलं आणि त्यांनी घेतलं. माझ्या मते लेखकाने आपल्याला फसवलं नाही, आपल्याला जे बघायचं होतं तेच आपण बघितलं.

टेम्सकाठचा_मराठी

मी ही सिरीज इथे लंडनमधे बीबीसीवर लाइव्ह बघितली होती, दर रविवारी रात्री नऊला (दुसरा भाग तेवढा सोमवारी), २६ ऑगस्टला सुरू झाली आणि २३ सप्टेंबरला शेवटचा भाग, तो ७५ मिनिटांचा होता. त्या एका रात्री १ कोटी ४ लाख लोकांनी बघितला, आणि इथली लोकसंख्या लक्षात घ्या म्हणजे कळेल की किती मोठा आकडा आहे. मधेच स्फोटात गेलेली ज्युलिया खरं तर मेलेलीच नाही, तिची बॉडी कुठे दाखवली, असं अगदी शेवटच्या दिवसापर्यंत लोक पैज लावून बोलत होते. आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी काम सुरूच झालं नाही, सगळे चहाच्या मशिनपाशी.

पण त्या घोळक्यात माझी एक सहकारी होती, हिजाब घालते, हुशार बाई, स्वतः इंजिनिअर. ती कप हातात धरून उभी होती आणि एक शब्द बोलली नाही. आदल्याच वर्षी, २०१७ मधे, वेस्टमिन्स्टर, मँचेस्टर, लंडन ब्रिज असे एकामागून एक हल्ले झाले होते आणि त्या काळात ट्यूबमधे तिच्याकडे लोक कसे बघायचे ते मी तिच्या शेजारी उभं राहून पाहिलंय. म्हणून पानगळ, तुमचं सगळं बरोबर असून सुद्धा मला ते वळण गिळवत नाही. सिरीज म्हणते की तुम्ही हिला अबला समजलात हा तुमचा पूर्वग्रह, कबूल, पण तो पूर्वग्रह मोडून हातात काय ठेवलं तर दुसरा पूर्वग्रह, की ती अतिरेकीच होती. मुसलमान बाई इंजिनिअर आहे एवढंच, पुढे काही नाही, असं पात्र कुठे आहे त्यात? ताहिर महमूद होता, ज्युलियाचा पीआरवाला, साधा नोकरदार माणूस, त्याच्यावर आधी संशय आणि मग तो स्फोटात गेला. हे लिहिताना कोणी विचार केला नसेल असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याची किंमत माझ्या सहकारीने मोजली.

पानगळ७७

@टेम्सकाठचा_मराठी हे मी या बाजूने बघितलं नव्हतं. कथेच्या रचनेबद्दल माझं मत तेच आहे पण तुमचा मुद्दा मला खोडता येणार नाही.

फाइल_क्रमांक_९

माझी तक्रार नादियाबद्दल नाहीच, क्रॅडॉकबद्दल आहे. पाच भाग आपण कोणाकोणावर नजर ठेवली तर एमआय५ चा हंटर-डन, ज्युलियाचा आधीचा नवरा पेनहॅलिगन, तिचा सल्लागार रॉब, तिच्या जागी बसलेला ट्रॅव्हिस, आणि गृहमंत्र्याची आतली माहिती गुंडांना पुरवणारी निघाली कोण तर बडची साहेबीण, जिचे सहा भागांत मोजून थोडेसे सीन आहेत. संशय घ्यायला प्रेक्षकाला काहीतरी धागा तरी द्या ना. तिनेच बडला ज्युलियाच्या ड्युटीवर लावलं हा धागा आहे म्हणा, पण तो एवढा बारीक की परत बघितल्याशिवाय दिसत नाही.

मात्र ज्युलियाचा खून घडवणारा गुंडांचा म्होरक्या ल्यूक एकन्स, त्याचा हेतू मला फार आवडला, त्यावर कोणी बोलतच नाही. ज्युलिया आणत असलेलं ते रिपा-१८ विधेयक पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवणारं होतं. (रिपा नावाचा खरा कायदा ब्रिटनमधे २००० चा आहे, त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकाला ते नाव ओळखीचं वाटलं असणार.) आपण सगळे विचार करतोय की हे नागरिकांच्या खाजगीपणावर संकट, अतिरेकी चिडतील, विरोधक चिडतील, आणि खरा घाबरलाय तो संघटित गुन्हेगारीवाला, कारण अतिरेक्यांसाठी म्हणून आणलेले अधिकार उद्या त्याच्या फोनवर पण लागणार. नादियाच्या लोकांना पैसा पाहिजे, याला गृहमंत्री मेलेली पाहिजे, दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, सरळ धंदा. मंत्रालयात एवढी कारस्थानं शिजत होती आणि ती सगळी आपापल्या जागी खरी होती, पण खून त्यातल्या एकानेही केला नाही. हे लिहायला जमणं सोपं नाही हो.

फौजीची_पुतणी

तुम्ही सगळे कट कोणाचा यावर बोलताय, मला शेवटून दुसरा सीन धरून बसलाय. बड डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसतो आणि मला मदत पाहिजे एवढं म्हणतो. बस. सहा भाग तो माणूस बायकोला नाही म्हणतोय, साहेबांना नाही म्हणतोय, अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमधून फौजेतून आल्यापासून झोप नाही, पाठीवर ते व्रण, चौथ्या भागात तर पिस्तूल डोक्याला लावून घोडा ओढला त्याने, आत खोटी गोळी निघाली म्हणून वाचला.

मी सातारा जिल्ह्यातली, आमच्याकडे घरटी एक फौजी. माझे मोठे काका काश्मीरमधून पेन्शनीवर आले तेव्हा मी सातवीत होते. ते कधी दाराकडे पाठ करून जेवायला बसले नाहीत, पाटाची जागा बदलली तर उठून उभे राहायचे. दिवाळीत पहिला फटाका वाजला की घोंगडी घेऊन मळ्यात निघून जायचे ते भाऊबीजेला परत. काकू ताट झाकून ठेवायची आणि आम्हाला सांगायची की तात्यांना पाणी द्यायचंय उसाला. दिवाळीत कसलं पाणी, पण आम्ही विचारायचो नाही. ते गेले तोपर्यंत एका डॉक्टरला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही आणि आम्हीही कोणी म्हटलं नाही की चला तात्या, मी येते बरोबर.

म्हणून त्या आधीचा सीन, बडच्या अंगाला बॉम्ब, अंगठा बटणावर दाबून धरलेला, सोडला की स्फोट, सगळ्या बंदुका त्याच्यावर, आणि त्याची बायको व्हिकी पुढे येऊन त्याच्या शेजारी चालायला लागते. पहिल्या भागात त्याने नादियाला जसं झाकलं तसं तिने त्याला झाकलं. कुणाला फिल्मी वाटलं असेल तर वाटू दे, मला नाही वाटलं.

टेम्सकाठचा_मराठी

ताई, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. रिचर्ड मॅडनला २०१९ च्या जानेवारीत याच भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं, मला वाटतं ते त्या खोलीतल्या एका वाक्यासाठीच असावं.

रातराणी_नाशिक

सगळ्यांचं वाचतेय. फौजीची_पुतणी, तुझ्या तात्यांना नमस्कार, तो मळा डोळ्यांसमोर आला माझ्या. व्हिकीच्या आणि ट्रेनच्या सीनचा जोड माझ्या लक्षातच आला नव्हता.

पानगळ म्हणाले म्हणून आज दुपारी पहिला भाग परत लावला. खरंच आहे, तोच बोलतोय, ती ऐकतेय. मी या वेळी फक्त तिच्या डोळ्यांकडे बघत होते आणि तरी मला काही सापडलं नाही, ती पोरगी घाबरलेलीच दिसते. मधेच आई भाजी निवडायला येऊन बसली, तिने सिरीज बघितलेली नाही, तिला काही माहीत नाही. तो सीन संपेपर्यंत मेथीची जुडी तशीच हातात होती तिच्या. मग म्हणाली, बिचारी गं, कोणाच्या घरात पडली. मी काहीच बोलले नाही, दुसरा भाग लावून दिला.